टीव्हीला तार, फोनला हवा

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. निवृत्त बँकवाला म्हटलं की लोकांना वाटतं हा आता व्याजदरावर बोलणार, नाहीतर नॉमिनेशनचे फॉर्म भरा म्हणून सांगणार. नॉमिनेशन भराच, पण आज माझा विषय तो नाही. आज मी एका वायरबद्दल बोलणार आहे. तुमच्या घरात इंटरनेटचा डबा आहे आणि टीव्ही आहे, त्या दोघांना जोडणारी वायर. बहुतेकांच्या घरी ती नाही. माझ्याही घरी नव्हती. ती नसल्यामुळे माझं काय गेलं ते आधी सांगतो. शेवटी एक कबुली द्यायची आहे, तीही देतो.

आमच्या पिढीने टीव्ही जन्मताना पाहिला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या चाळीत पहिला संच आला, तेव्हा एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि खिडकीतून दुसरा ओरडायचा, “आलं, आलं... गेलं! थोडं मागे!” वाटलं होतं, हे दिवस संपले. पण २०२३ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मी पुन्हा घरात तसाच ओरडत उभा होतो.

झालं असं. आमची नात सिंगापूरला असते. त्या वर्षी मे महिन्यात तिचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम होतं. आमची तिकिटं काढून झाली होती. मार्चमध्ये ही बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तिकिटं रद्द केली. मुलगा म्हणाला, “बाबा, कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार आहेत, आईला मोठ्या टीव्हीवर दिसेल.” म्हणून हॉलमधला टीव्ही उचलून बेडरूममध्ये, हिच्या पलंगासमोर भिंतीवर बसवला. रविवार होता. तिथले सात म्हणजे आपले साडेचार. हिने पलंगावरच नवी साडी गुंडाळून घेतली होती.

पुष्पांजली नीट दिसली. पुढचंही दिसलं, जरा धुरकट. मग वर्णम सुरू झालं. अरंगेत्रमचा गाभाच तो, मुलीची खरी परीक्षा. आणि पडद्याच्या मध्यभागी ते गोल चाक फिरायला लागलं. दोन सेकंद नाच, वीस सेकंद चाक. मी फोन घेऊन बाहेर धावलो. आमच्या दारापाशी चपलांच्या कपाटावर इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर ठेवलेला आहे. तिथे उभं राहून फोनवर लावलं तर चित्र स्वच्छ! फोन घेऊन आत पळालो, तर पलंगापाशी पोहोचेपर्यंत चाक. मोबाईलचा स्वतःचा डेटा लावावा तर आमच्या आतल्या खोलीत रेंजची जेमतेम एक काडी. हिला उठवून दारापर्यंत आणणं शक्य नव्हतं.

मग मी काय केलं? दारात फोन धरून उभा राहिलो आणि तिथून मोठ्याने सांगायला लागलो. “आता ती वाकली... आता हात असे वर... आता हसली बघ!” ही आतून म्हणाली, “अहो, तुम्ही काय रेडिओ आहात का? राहू द्या.” नंतरचं “राहू द्या” हळू होतं. रेकॉर्डिंग पुढे मिळालं, पाहिलंही. पण आजीला नातीबरोबर त्याच क्षणी श्वास रोखायचा होता, तो रेकॉर्डिंगमध्ये थोडाच रोखता येतो?

आता गंमत बघा. दारात फोन चालत होता आणि आत टीव्ही चालत नव्हता. रोगाचं निदान माझ्या हातातच होतं. पण रागावलेल्या माणसाला निदान दिसत नाही, गुन्हेगार दिसतो. पहिला गुन्हेगार इंटरनेटची कंपनी. फोनवर त्यांच्याशी भांडलो. त्यांनी शांतपणे सुचवलं, शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा करा. केला. महिना अडीचशे रुपये जास्त, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २९५. फरक शून्य. मग ऑगस्टमध्ये २,२०० रुपयांचा एक्स्टेंडर आणला, भिंतीतल्या प्लगला लावायचा. त्याने फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या भरपूर वाढल्या, चित्र मात्र अडकायचं ते अडकतच राहिलं.

दुसरा गुन्हेगार आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा. इंजिनिअरिंगला आहे, रात्री दोन वाजेपर्यंत गेम खेळतो. जिन्यात गाठून मी त्याला म्हणालो, “तुझ्या त्या गेममुळे आमचं नेट बंद पडतं.” माझा आवाज जरा चढलाच. त्याची आईही ऐकत होती. पोरगा काही उलट बोलला नाही. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन तो घरी आला आणि म्हणाला, “काका, तुमचं नेट मी कसं खाईन? माझं कनेक्शन वेगळं, तुमचं वेगळं. वेगळी नाही ती फक्त हवा. आणि मी तर हवा वापरतच नाही. आम्ही गेम खेळणारे वायफायवर कधी खेळत नाही, माझ्या कॉम्प्युटरला वायर आहे.” म्हणजे सगळ्या बिल्डिंगमध्ये जो एकटा हवेत गर्दी करत नव्हता, त्यालाच मी बोल लावला होता. आज तो इथे मागे उभा आहे. त्याची मी घरी माफी मागितली होती, आज सगळ्यांसमोर मागतो.

त्याने मला जे समजावलं ते तुम्हाला आपल्या बँकेच्या भाषेत सांगतो.

वायफाय म्हणजे एकच काउंटर असलेली शाखा. एका वेळी एकच गिऱ्हाईक बोलणार, बाकीचे थांबणार. फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे त्याच रांगेत. आणि रांग फक्त तुमच्या घरची नाही. शेजाऱ्याचा राउटर त्याच पट्ट्यावर असेल, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत तुमचाही राउटर गप्प. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा. त्यात एकमेकांना धक्का न लावणारे मार्ग जवळपास तीनच: १, ६ आणि ११. माझ्या बेडरूममध्ये उभं राहून फोनवर यादी उघडली तर आजूबाजूची सतरा नावं दिसली. सतरा गाड्या आणि तीन मार्ग! त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्‌झचा. तिथे मार्ग जास्त, वेगही जास्त, पण भिंत लागली की दम लवकर संपतो. आणि आपल्या भिंती कशा, ते तुम्हाला ठाऊक आहे. खिळा ठोकायला ड्रिल लागतं. आमच्या राउटर आणि टीव्हीच्या मध्ये दोन भिंती, एक काँक्रीटचा कॉलम आणि हिच्या माहेरचं आरशाचं लोखंडी कपाट. लोखंडातून लहरी पार जात नाहीत. त्या रविवारी तर आयपीएलची दुपारची मॅच होती. प्रत्येक घरात टीव्ही, आणि प्रत्येक टीव्ही हवेतूनच मॅच ओढत होता.

तुम्ही म्हणाल, स्पीड टेस्टमध्ये तर कधीकधी वीस-पंचवीस दाखवतं, मग अडकतं का? इथेच मी फसलो होतो. व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही. तुकड्यातुकड्याने येतो आणि टीव्ही पुढच्या काही सेकंदांचा साठा करून ठेवतो. साठा कमी झाला की आधी चित्र धुरकट करतो, संपला की चाक फिरवतो. जुना सिनेमा असेल तर साठा मोठा करता येतो. लाइव्ह कार्यक्रमात पुढचं अजून घडलेलंच नसतं, साठा करणार कशाचा? म्हणून लाइव्हमध्ये चाक जास्त. बँकेत आपण गिऱ्हाइकाला काय सांगायचो? महिन्याची सरासरी शिल्लक कितीही उत्तम असो, चेक आला त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर चेक परत जातो. टीव्हीचंही तसंच. त्याला सरासरीशी देणंघेणं नाही, त्याला सातत्य हवं. माझ्या बेडरूममध्ये वेग कधी पंचवीस होता, कधी दोन. आणि गरज किती? नेटफ्लिक्सवाले स्वतः सांगतात, फुल एचडीला पाच एमबीपीएस आणि फोर-केला पंधरा. माझ्या दारात शंभर येत होते. मी दोनशे केले. गल्लीच अरुंद असताना मी पेठ रुंद करत बसलो होतो.

वायर लावली की टीव्हीला स्वतःचा काउंटर मिळतो. इतकंच नाही, पैसे भरायची खिडकी वेगळी आणि काढायची वेगळी. जाणं-येणं एकाच वेळी चालतं. भिंत, कपाट, शेजारी, मायक्रोवेव्ह कुणाचाही संबंध नाही. आणि टीव्ही हवेतून उतरला की हवा तुमच्या फोनला मोकळी होते. घरातला सगळ्यात खादाड तोच असतो.

आमच्यापैकी बँकेतल्या मंडळींना नव्वदच्या दशकातली शाखेतली वायर आठवत असेल. काळी, जाड, एका कॉम्प्युटरवरून पुढच्या कॉम्प्युटरला गेलेली आणि शेवटच्या टोकाला टर्मिनेटर नावाचं छोटं टोपण. झाडू मारताना बाईचा पाय लागून टोपण सैल झालं की पूर्ण शाखा ठप्प, आणि आम्ही अधिकारी टेबलांखाली रांगत टोपण शोधतोय, बाहेर पेन्शनरांची रांग. वायरला माझा विरोध होता तो तिथला. तो गैरसमज होता. आताची वायर डब्यापासून प्रत्येक यंत्राला वेगळी जाते. एक बिघडली तर एकच यंत्र बंद.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. स्मरणिकेत छापून येणार आहे, तेव्हा लिहून घेऊ नका.

आधी रोग कुठे आहे ते बघा. फोन राउटरच्या शेजारी धरून स्पीड टेस्ट करा, मग तोच फोन टीव्हीजवळ धरून करा. दोन्हीकडे वाईट असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा डब्याचा. कंपनीला बोलवा, वायर लावून उपयोग नाही. राउटरजवळ चांगलं आणि टीव्हीजवळ वाईट, तर दोष घरातला. मोठा प्लॅन घेऊ नका, वायर घ्या.

टीव्हीच्या मागे बघा. टेलिफोनच्या पिनेपेक्षा थोडं रुंद चौकोनी भोक असेल, लॅन किंवा इथरनेट असं लिहिलेलं. तिथे वायर थेट लागते. टीव्ही जुना असेल आणि तुम्ही मागे स्ट्रीमिंगची काडी लावली असेल, तर बऱ्याच काड्यांना हे भोक नसतं. त्यांच्यासाठी छोटा इथरनेट अडॅप्टर मिळतो. घेताना आपल्या काडीचं मॉडेल दुकानदाराला दाखवा. सेट-टॉप बॉक्स असेल तर बहुधा त्याला भोक असतंच.

वायर कॅट-६ मागा. कॅट-५ई असली तरी टीव्हीला पुरते. दोन्ही शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग नेतात, आणि आपलं घर काही शंभर मीटर लांब नाही. पण तांब्याचीच मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, ती वाकवली की तुटते. आत आठ तारा असतात, चार जोड्या. एखादी नीट बसली नाही तर वेग गिगाबिटवरून शंभरावर येतो, तेव्हा टोकं क्रिंप करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी टेस्टर लावून दाखवायला सांगा. आठही दिवे लागले पाहिजेत.

एक सूचना, घाबरू नका म्हणून. दोनशेचा प्लॅन असून वायर लावल्यावर टीव्हीवर नव्वद-पंचाण्णवच दिसले, तर कुणाशी भांडू नका. बऱ्याच टीव्हींचं लॅनचं भोकच शंभरचं असतं. पंधराच्या गरजेला नव्वद म्हणजे भरपूर झाले. आणि वायर लावल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन ‘वायर्ड’ दिसतंय ना, ते बघा. नाहीतर वायर लोंबते आणि टीव्ही जुन्या सवयीने हवाच खातो. राउटरची भोकं संपली असतील तर पाच भोकांचा स्विच मिळतो. एक वायर आत, चार बाहेर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वायर जमिनीवरून नेऊ नका. दिवाळीत त्या मुलाने प्रयोग म्हणून आपली लांब वायर दारापासून पलंगापर्यंत जमिनीवर टाकली. टीव्ही असा लागला की आम्ही रात्री अकरापर्यंत बघत बसलो. सकाळी ही वॉकर घेऊन निघाली आणि वॉकरचा पाय त्याच वायरीत अडकला. मी मागेच होतो, धरलं. खुबा एकदा मोडून झालेला आहे. त्याच मिनिटाला वायर काढली. मग इलेक्ट्रिशियनकडून भिंतीवरून, दाराच्या चौकटीच्या वरून, प्लास्टिकच्या पट्टीतून नेली. विजेच्या वायरीच्या नळीत ती घालू देऊ नका. धोका आहे आणि सिग्नललाही बरं नाही. तुमच्या घरात वॉकर असो, काठी असो वा रांगणारं नातवंड असो, वायर एक तर डोक्याच्या वरून न्या, नाहीतर भिंतीच्या कडेने झाकून.

हिशेब सांगितल्याशिवाय बँकवाला खाली बसत नाही. मोठा प्लॅन पाच महिने, २९५ प्रमाणे १,४७५. एक्स्टेंडर २,२००. एकूण ३,६७५ वाया. बावीस मीटर वायर, पट्टी, टोकं आणि मजुरी धरून १,८५०. प्लॅन पुन्हा शंभरचा केला. जानेवारीत नातीचा पुन्हा कार्यक्रम झाला, चाळीस मिनिटांचा. एकदाही चाक आलं नाही. ही पहिल्या मिनिटाला काय म्हणाली सांगू? “कुंकू केवढं मोठं लावलंय हिला!” मला इतकं बरं वाटलं. कुंकू दिसलं, म्हणजे सगळंच दिसत होतं.

आता कबुली. २०१४ साली आपल्या बिल्डिंगची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा मी खजिनदार होतो. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात एक ओळ होती: डक्टमधून प्रत्येक फ्लॅटमध्ये भविष्यातल्या केबलसाठी एक रिकामी नळी, एकूण ३८,००० रुपये. मी ती लाल शाईने कापली. इतिवृत्तात माझं वाक्य आहे, परवा वही काढून पाहिलं: “वायरलेसच्या युगात नळ्यांची आवश्यकता वाटत नाही.” टाळ्याही पडल्या होत्या. आज बाहेरच्या भिंतीकडे बघा. तीन-चार कंपन्यांच्या केबलींची जाळी लोंबते, कावळे त्यात घरटी करतात, प्रत्येक नवं कनेक्शन म्हणजे प्रत्येकाच्या भिंतीला नवं भोक, आणि पावसाळ्यात त्याच भोकातून ओल. वॉटरप्रूफिंगवर त्यानंतर किती खर्च झाला, ते आजच्या खजिनदारांना विचारा. अडतीस हजार वाचवले असं मी अहवालात लिहिलं होतं. ते वाचले नाहीत, फक्त दुसऱ्या खात्यात नावे पडले.

पुढच्या वर्षी पुन्हा मोठी दुरुस्ती येते आहे. कमिटीला माझी एकच विनंती आहे. प्रत्येक घरात डक्टपासून दारापर्यंत एक रिकामी नळी ठेवा, विजेच्या नळीपासून वेगळी, काटकोनी वळणं टाळून, कारण फायबरला तीव्र वळण सोसत नाही. नळीत ओढायची तार आधीच घालून ठेवा. आणि ज्यांच्या घरात प्लास्टर फोडायचंच आहे, त्यांनी दारापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत अशीच एक नळी स्वतःच्या खर्चाने टाकून घ्या. उद्या कुठली वायर येईल, मला माहीत नाही. पण जी येईल तिला वाट लागेल. त्या नळीचा पहिला हप्ता म्हणून माझ्याकडून पाच हजार एकचा चेक आज सेक्रेटरीसाहेबांकडे देतो आहे. शिल्लक आहे, परत येणार नाही.

ही समोर पहिल्या रांगेत बसली आहे, वॉकर बाजूला ठेवून. मघापासून घड्याळ दाखवते आहे. दहाची पंधरा मिनिटं झाली. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: जे घरात फिरतं त्याला हवा द्या, जे भिंतीवर एका जागी बसलंय त्याला तार द्या.

आणि वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवा, तुझी ती लांब वायर अजून आमच्याकडेच आहे. संध्याकाळी चहाला ये आणि घेऊन जा.